जुन्या गाडीचं नवं कार्पेट: माया कुठे सोडायची, कुठे छाटायची

खोकं उघडल्यावर आतून निघाली ती वळकटीच. तीन घड्या घातलेली, रबराचा उग्र वास मारणारी, मधोमध उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. एका जुन्या चारदारी गाडीसाठी मागवलेलं नवं कार्पेट होतं ते. उत्साहाने गाडीत पसरलं, तर गिअरबॉक्सवर बसायला हवा तो उंचवटा चार बोटं पुढे आलेला आणि दाराकडची कड पार बाहेर लोंबतेय. चुकीचा माल आला म्हणून चडफडलो, कात्री घेतली आणि लोंबणारी कड सरळ उडवली. दुसऱ्या दिवशी ऊन खाऊन घड्या सैल पडल्या, उंचवटा आपणहून मागे सरकला, आणि जिथे कापलं होतं तिथे दोन बोटं उघडा पत्रा दिसायला लागला.

शिंप्याने ही चूक केली नसती. कपडा बेतताना तो शिवणीत माया सोडतो, म्हणजे मापापेक्षा थोडं जास्त कापड आत ठेवतो, आणि अंगावर घालून बघितल्याशिवाय ते छाटत नाही. जुन्या गाडीच्या कार्पेटचं गणित याच मायेभोवती फिरतं. बनवणाऱ्याने ती कुठे सोडलीय, मालकाने ती कधी छाटायची, आणि गाडीच्या जमिनीने आधीच किती खाऊन टाकलीय. ‘अगदी फिट बसतं’ असं छापलेलं कुठलंही कार्पेट खोक्यातून काढून तसंच्या तसं बसत नाही. बसलंच, तर मला उलट शंका येईल, कारण त्यात माया सोडलेलीच नाही.

साच्यातलं आणि शिवलेलं

तयार मिळणारी कार्पेटं दोन जातींची. पहिली साच्यात दाबलेली. कार्पेटच्या पाठीवर उष्णतेने मऊ पडणाऱ्या प्लास्टिकचा थर दिलेला असतो. तो तापवून गाडीच्या जमिनीच्या आकाराच्या साच्यावर दाबतात, आणि गार झाला की पाठ तो आकार धरून ठेवते. दुसरी जात शिवलेली. सपाट कार्पेटमधून फरम्याप्रमाणे तुकडे कापायचे, उंचवट्यासाठी दोन-तीन तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि उघड्या कडांना गोट लावायचा. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांसाठी बहुतेक साच्यातलंच मिळतं. त्याच काळातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांना सुट्या तुकड्यांचा संच लागतो.

मूळ गाडीत कुठल्या जातीचं होतं ते आधी बघा. काही गाड्यांत तर कार्पेटच नव्हतं! फोक्सवॅगन बीटलमध्ये पुढच्या पायांखाली रबरी मॅट असायची, आणि १९५९ ची साधी मिनी रबरी मॅटवरच विकली जायची. कार्पेट मिळायचं ते डिलक्समध्ये. अशा गाडीत जाडजूड लोकरी कार्पेट टाकलं तर ते दिसतं छान, पण त्याच्यासाठी तिथे मुळात जागाच ठेवलेली नाही. पेडलं, सीटचे रूळ, दाराखालची पट्टी, सगळं पातळ रबराच्या हिशेबाने बसवलेलं असतं.

दोन्ही जाती बिघडतात त्या वेगवेगळ्या ठिकाणी. साच्यातल्याचा शत्रू म्हणजे घडी. खोक्यात मावावं म्हणून दुमडलेली पाठ आकार विसरते. ते उघडून सपाट जागी, उन्हात किंवा गरम खोलीत निदान एक दिवस पसरून ठेवायचं, आणि तेवढा वेळ कात्री कुलपात टाकायची. घडीची रेघ उरलीच तर पाठीकडून गरम हवा द्यायची, लवेकडून, म्हणजे वरच्या मऊ केसाळ बाजूकडून, कधीच नाही. हीट गनची हवा सहज तीन-चारशे अंशांच्या वर जाते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांना. बंदूक एका जागी दोन सेकंद जास्त थांबली की लव चकाकायला लागते, आणि ती चकाकी नंतर निघत नाही.

साच्यातल्या कार्पेटमध्ये दुसरी बघायची जागा म्हणजे कोपऱ्यांची खोली. स्वस्त साच्याचे कोपरे गोलाईदार असतात. पत्रा काटकोनात वळतो आणि कार्पेट आळसावल्यासारखं कमान टाकून जातं. त्या पोकळीवर पाय पडला की कार्पेट दबतं, दुसरीकडची कड ओढली जाते, आणि सहा महिन्यांत दाराच्या पट्टीखालून ती बाहेर येते. बोटाने कोपऱ्यात दाबून बघा. खाली टणक लागलं तर ठीक. पोकळ लागलं तर तिथे पाठ तापवून, हाताने दाबून, गार होईपर्यंत वाळूची पिशवी ठेवावी लागेल.

शिवलेल्याची परीक्षा शिवणीवर होते. उंचवट्याचा माथा झाकणारा तुकडा आणि बाजू झाकणारा तुकडा जिथे जुळतात, ती शिवण उंचवट्याच्या धारेवरच पडली पाहिजे. ती बाजूच्या उतारावर घसरली असेल तर सीट बसवल्यावरही डोळ्यांना खुपत राहते, कारण शेजारीच गिअरचा दांडा आणि कन्सोलच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या खोक्याच्या, सरळ रेषा असतात. मी अंगठा शिवणीवरून पुढून मागे फिरवतो. जिथे खाली पत्रा न लागता शिवण आत जाते, तिथे झोळ आहे. तो गोंदाने जात नाही. शिवण उसवून पुन्हा घ्यावी लागते.

बसत का नाही

पहिलं कारण फरमा. नवं कार्पेट बेततात ते बऱ्याचदा एखाद्या जुन्या कार्पेटवरून. ते चाळीस-पन्नास वर्षं पायाखाली गेलेलं. लोकर पाणी पिऊन आटलेली, टाचेखाली ताणलेली, कडा झिजून एक-दोन सेंटिमीटर आत गेलेल्या. त्याच्यावरून काढलेला फरमा त्या गाडीचं म्हातारपण नकलून घेतो. चांगले बनवणारे उघड्या पत्र्यावर कागद किंवा पातळ प्लास्टिक ठेवून फरमा काढतात आणि गाडीत घालून तपासतात. विकत घेण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा: फरमा कशावरून काढला? उत्तर आढेवेढे घेत आलं तर समजून जा.

दुसरं कारण, एका नावाखाली अनेक गाड्या. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा तिची जमीन सपाट होती. पायांना जागा कमी पडते म्हणून १९६२ च्या सुरुवातीला ती पायांपाशी खोल केली. बाहेरून गाडी जवळपास तीच, पण पहिल्या गाडीचं कार्पेट दुसरीत बसणार नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचंही तसंच. १९६७ च्या शेवटी नवा गिअरबॉक्स आला आणि त्याच्यासाठी मधला उंचवटा रुंद झाला. शिवाय डावं स्टिअरिंग की उजवं, हाताचे गिअर की ऑटोमॅटिक, गिअरचा दांडा जमिनीवर की स्टिअरिंगच्या दांड्यावर, कन्सोल आहे की नाही, पायाने दाबायचं डिपरचं बटण आहे की नाही. मागणी नोंदवताना नुसतं मॉडेल आणि साल देऊन भागत नाही. चासी नंबर द्या, आणि उघड्या जमिनीचे फोटो वरून काढून पाठवा.

तिसरं कारण कुणाला ऐकायला आवडत नाही: जमीन तुमचीच बदललेली असते. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केलेला, वर सीलरचा जाड थर, त्यावर आवाज दाबणारे बिटुमेनचे पत्रे. नवीन पत्र्याच्या पन्हळी मूळ खोलीच्या असतातच असं नाही. माझ्या त्या चारदारी गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा पूर्वी कुणीतरी बदलताना जरा वर बसवला होता. मी महिनाभर कार्पेटला दोष देत होतो. शेवटी दोन्ही बाजूंना आडवी पट्टी ठेवून खोली मोजली तेव्हा डावीकडे आणि उजवीकडे बोटभर फरक निघाला.

आणि मग खालचा थर. त्याची करामत नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक बिनसलेली कार्पेटं इथे बिनसतात. मधला उंचवटा अर्धगोल आहे असं धरा. त्यावर १० मिलिमीटर जाडीचा थर चढवला की वरची कमान सुमारे ३१ मिलिमीटरने लांबते, कारण अर्धवर्तुळाची लांबी त्रिज्येच्या साधारण ३.१४ पट असते. त्याच वेळी उंचवटा दोन्ही बाजूंना १० मिलिमीटरने फुगतो, म्हणजे शेजारच्या सपाट जागा तेवढ्याच अरुंद होतात. गंमत अशी की एका दाराच्या उंबऱ्यापासून समोरच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंतची एकूण लांबी फारशी बदलत नाही. टेपने मोजलं तर सगळं बरोबर दिसतं. पण घडी जिथे पडायला हवी तिथून ती सरकलेली असते. माथ्याचा तुकडा अपुरा आणि बाजूचा तुकडा जास्त. म्हणून कार्पेट बनवणाऱ्याला खाली किती जाडीचा थर असणार ते आधी सांगायचं, नाहीतर त्याने सुचवलेल्या जाडीच्या पुढे जायचं नाही. आवाज कमी व्हावा म्हणून थरावर थर चढवणाऱ्यांची कार्पेटं नेमकी म्हणूनच बसत नाहीत.

हाताने ओळखायचा दर्जा

दर्जाची गोष्ट निघाली की जाहिरातीत एक आकडा हटकून येतो: ८०/२०. हा आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ ८० टक्के रेयॉन आणि २० टक्के नायलॉन. साधारण १९७३ पर्यंतच्या अनेक अमेरिकन गाड्यांत या मिश्रणाचं, टर्किश टॉवेलसारखे न कापलेले लूप असलेलं कार्पेट असायचं. पुढे मखमलीसारखी कापलेली लव असलेलं नायलॉन रूढ झालं. लोकरी कार्पेटवर मात्र तोच ८०/२० लिहिलेला असतो तेव्हा ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून काढतात आणि ओलं झालं की त्याची ताकद बरीच घटते. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही. एकच आकडा, दोन अगदी वेगळे माल. आणि तुमच्या १९६६ च्या अमेरिकन गाडीत लोकरी ८०/२० घातलं तर ते महाग असूनही चुकीचं दिसेल.

विणलेलं आणि टोचलेलं हाही मोठा भेद. रोल्स-रॉइस, बेंटले, जॅग्वार यांच्या गाड्यांतलं विल्टन कार्पेट विणलेलं असतं. विल्टन हे इंग्लंडमधलं गाव, अठराव्या शतकापासून गालिच्यांसाठी प्रसिद्ध. त्यात लवेचा धागा पाठीच्या ताण्याबाण्यातच गुंतवलेला असतो. टोचलेल्या, म्हणजे टफ्टेड कार्पेटमध्ये सुई तयार कापडातून धागा आरपार ढकलते आणि मागून लेटेक्सचा लेप धाग्याला धरून ठेवतो. हे तंत्र गालिच्यातून आलेलं नाही, पलंगपोसातून आलंय. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टनजवळ कॅथरीन एव्हान्स या किशोरवयीन मुलीने १८९५ मध्ये एका जुन्या पलंगपोसाची नक्कल करताना टाके घालून कापलेल्या धाग्यांचा नमुना केला. त्यातून घरोघरचा धंदा उभा राहिला, पुढे यंत्रं आली, आणि डाल्टन कार्पेटची राजधानी झालं. आज बदली म्हणून मिळणारं बहुतेक कार्पेट याच घराण्यातलं.

टोचलेलं वाईट असं मुळीच नाही. त्याची पाठ थोडी लवचीक असल्यामुळे चाकाच्या कमानीवर किंवा उंचवट्यावर ते वळतं. विल्टन ताणलं जात नाही. त्याला प्रत्येक गोलाईवर काप आणि शिवण लागते, आणि कापलेली कड गोट न लावता ठेवली तर उसवत जाते. सुखवस्तू गाडीला विल्टन शोभतं, पण ते बसवायला हातही तसाच हवा.

नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागवा. देत नसतील तर दुसरीकडे जा. तुकडा हातात आला की लव बाहेर ठेवून तो पेन्सिलीवर दुमडा. घडीवर पाठ उघडी दिसली, म्हणजे टक्कल पडलं, तर लव विरळ आहे. हेच टक्कल गाडीत उंचवट्याच्या धारेवर आणि उंबऱ्यावर कायमचं दिसणार. मग चिमट्याने एक पुंजका धरून ओढा. सहज निसटला तर मागचा लेप कच्चा. पांढरं ओलं फडकं लवेवर जोरात घासा. रंग उतरला तर तो पावसाळ्या दिवशी तुमच्या विजारीवर उतरेल. तुकड्याचा अर्धा भाग काचेच्या बरणीत बंद करून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी झाकण उघडून वास घ्या. बंद गाडीत काचेवर धुरकट थर जमवणारी कार्पेटं इथेच पकडली जातात.

धागा कशाचा आहे ते ओळखायचं असेल तर साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात दोन-चार धागे बुडवून हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्या. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, तरंगतं. नायलॉन, पॉलिस्टर, लोकर, तिन्ही बुडतात. पुढची परीक्षा घराबाहेर, एका धाग्यावर, चिमट्यात धरून. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा विझते आणि राख बोटात चुरगळते. नायलॉन वितळून टणक मणी होतो. रेयॉन कागदासारखं भुर्रकन जळून जातं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि रंगाला पक्कं, पण एकदा दबलेली लव पुन्हा उठत नाही. टाचेखाली वर्षभरात चपटा चट्टा. लोकरीला आणखी एक पथ्य: कसर लागते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत सीटखालची लोकर सगळ्यात आधी खाल्ली जाते.

आगीचा विषय निघालाच आहे तर हेही. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून बनलेल्या गाड्यांच्या आतल्या कापड-कार्पेटसाठी नियम आला: ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. त्याआधीच्या गाड्यांना हे बंधन नव्हतं. तुमची गाडी १९६४ ची असली तरी नवं कार्पेट हा नियम पाळणारं घ्यायला काहीच हरकत नाही. घरात अंथरायचं कार्पेट कापून गाडीत घालणारे हा मुद्दा विसरतात.

गोटाकडे बघायला विसरू नका. चांगला गोट कडेला दोन्ही बाजूंनी वेढून, एकसारख्या टाक्याने शिवलेला असतो आणि कोपऱ्यात त्याची नीट घडी पडते. स्वस्त कामात कोपऱ्यावर चुण्या गोळा होतात, किंवा गोट नुसता चिकटवलेला असतो. काही गाड्यांच्या मूळ कार्पेटला गोट नसून दोऱ्याचं ओव्हरलॉक होतं; तिथे चामड्याचा गोट लावणं म्हणजे साध्या सुती साडीला भरजरी काठ लावणं.

रंग

जुन्या कार्पेटचा खरा रंग वर दिसत नाही. दाराच्या पट्टीखाली, सीटच्या रुळाखाली किंवा कन्सोलच्या आत दडलेली कड शोधा. तिथे ऊन पोहोचलेलं नसतं. नमुना त्या कडेशी ताडून बघा, एकदा उन्हात आणि एकदा दिव्याखाली. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात, हे नेहमी घडतं. सगळा संच एकाच वेळी, एकाच रंगाईच्या गठ्ठ्यातला घ्या. लवेची दिशाही बघा. मखमलीवर हात फिरवला की एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकी दिसते, तसंच इथे. कापणाऱ्याने कापड वाचवायला एक तुकडा आडवा कापला असेल तर डावी बाजू मातकट आणि उजवी विटकरी वाटेल, रंग एकच असूनही.

खालचा थर आणि पाणी

जुन्या गाड्यांत कार्पेटखाली तागाचा किंवा चिंध्यांचा नमदा असायचा. आवाज चांगला दाबायचा, आणि पाणीही तितकंच चांगलं धरून ठेवायचा. वरून कार्पेट कोरडं, खाली नमदा ओला, त्याखाली पत्रा गंजतोय, असं वर्षानुवर्षं चालायचं. आज बंद छिद्रांचा फोम मिळतो, जो पाणी शोषत नाही. पण पाणी आत आलं तर ते फोम आणि पत्र्याच्या मध्येही साचू शकतंच. तेव्हा कार्पेट घालण्याआधी एक काम कराच. गाडी उघडी असताना एकाने बाहेरून पुढच्या काचेवर आणि दारांवर पाईपने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. थेंब कुठून येतो ते खडूने खुणावायचं. जमिनीतल्या भोकांची रबरी बुचं नवीन घालायची.

गोंदाबाबत माझं मत ठाम आहे. सपाट जमिनीवरचे तुकडे चिकटवायचे नाहीत. उभ्या बाजू, इंजिनाकडची भिंत आणि उंचवटा यांनाच सोल्यूशन लावायचं, तेही उष्णता सोसणारं. जमिनीवरचा तुकडा टिचबटणांवर राहू द्या, म्हणजे भिजला तर काढून वाळवता येतो. ब्रिटिश गाड्यांत यासाठी एक खास बटण असतं, जे एकाच बाजूने उचलल्यावर निघतं आणि बाकी तीन बाजूंनी कितीही ओढलं तरी हलत नाही. ते उलट्या दिशेने बसवलं तर टाचेच्या प्रत्येक ओढीने सुटतं. काम झाल्यावर कळतं, आणि तोवर भोक पाडून झालेलं असतं.

बसवताना

बसवायची सुरुवात नेहमी मधल्या उंचवट्यापासून, आणि तिथून दारांकडे. दोन तुकड्यांचं साच्यातलं कार्पेट असेल तर आधी मागचं, मग पुढचं, म्हणजे पुढच्याची कड मागच्यावर चढते आणि जोड सीटखाली लपतो. सगळं गाडीत टाकून, हाताने दाबून, दोन दिवस तसंच ठेवा. दाराच्या पट्ट्या नुसत्या वरून ठेवून बघा. त्या पट्टीखाली जाणारी कड म्हणजेच बनवणाऱ्याने सोडलेली माया. ती सगळ्यात शेवटी छाटायची, आणि पट्टीच्या आतल्या कडेपर्यंत नाही, पट्टीच्या मध्यापर्यंत. अर्धी माया पट्टीखाली राहिलीच पाहिजे, कारण कार्पेट वापरात आणखी थोडं आत सरकतं.

सीटच्या बोल्टांची भोकं ड्रिलने पाडायची नाहीत. फिरत्या ड्रिलला एक धागा अडकला की तो गरागरा गुंडाळला जातो आणि क्षणात लवेची एक लांबलचक रांग उसवून निघते. लूपवाल्या कार्पेटमध्ये ही रांग थेट दारापर्यंत जाऊ शकते. गाडीखाली जाऊन बोल्टाच्या भोकातून दाभण वर टोचा. वर टोक दिसलं की तिथे छोटी फुली कापा किंवा पंचाने गोल पाडा. नायलॉन-पॉलिप्रॉपिलीनला तापलेल्या सळईने भोक पाडलं तर कडा वितळून तिथल्या तिथे बंद होतात. लोकरीला नाही, ती नुसती करपते. खालच्या थराला मात्र भोक मोठं ठेवा, नाहीतर बोल्ट फोमवर आवळला जातो, काही महिन्यांनी फोम दबतो आणि सीट डुगडुगायला लागते. सीट ही गोष्ट पत्र्यावर आवळायची असते, गरज पडली तर वॉशर घालून.

टाचेचं पॅड, म्हणजे ड्रायव्हरच्या टाचेखाली कार्पेट झिजू नये म्हणून लावलेला तुकडा, कुठे हवं ते कारखान्याच्या खुणेवर सोडू नका. नेहमीचे बूट घालून सीटवर बसा, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा, आणि टाच जिथे टेकते तिथे खडूने खूण करा. पॅडच्या मध्याशी ती खूण आली पाहिजे. तयार संचात ते पॅड दोन-तीन बोटं पुढे असलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. मग टाच पॅडच्या मागच्या कडेवर घासते आणि नेमकी तीच कड उसवते.

पेडलांची तपासणी गाडी बंद असताना, बाहेर उकिडवं बसून, हाताने करायची. ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबा: कार्पेट त्याला शेवटच्या टप्प्यात अडवतं का? सोडा: लवेत अडकून तो अर्ध्यावर थांबतो का? जमिनीवर बिजागरी असलेल्या ॲक्सिलरेटरमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण पेडलाच्या मुळाशीच कार्पेटची जाडी जाते. मग ब्रेक आणि क्लच. दहा-दहा वेळा दाबा, कारण पहिल्या दाबाला सरकलेली घडी चौथ्या-पाचव्या दाबाला उभी राहते. अडत असेल तर तिथला खालचा थर काढा, कार्पेट ताणू नका. वर सुटी मॅट टाकणार असाल तर ती जागच्या जागी अडकवायची सोय करा. घसरून पेडलाखाली गेलेल्या मॅटइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

छाटलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका. नाव आणि तारीख लिहून पिशवीत भरून ठेवा, सोबत जुन्या कार्पेटचा रंग न उडालेला तुकडा. टाचेखालचं ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा त्याच रंगाईच्या गठ्ठ्यातलं कार्पेट कुठेच मिळत नाही. माझ्या गाडीत उजव्या उंबऱ्यापाशी मी घाईने उडवलेली ती दोन बोटं शेवटी डिकीतून उरलेल्या पट्टीने भरून काढली. शिवण उंबऱ्याच्या पट्टीखाली गेलीय, दार उघडल्यावर कुणाला दिसत नाही. मला दिसते.